चतुराबाईची चंची

लातुरात आयुक्त कोण, महापौर कोण, हे सांगता येणार नाही अशी माणसं घरोघर सापडतील. पण आपल्या गल्लीचं पाणी सोडणारा माणूस कोण, तो राहतो कुठं, त्याला चहा कसा लागतो, हे कुठल्याही बाईला विचारा. शेषेराव असेच एक पाणी सोडणारे. ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हटल्यावर नव्या कचेऱ्या आल्या, नव्या वस्त्या आल्या, वस्त्यांच्या मागं पाइपलायनी आल्या, आणि त्या धांदलीत नायगावकडच्या एका खेड्यातून आलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या शेषेरावांना पाणीपुरवठ्यात नोकरी लागली. तेव्हापासून छातीएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवर फिरायचं, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडून व्हॉल्व्ह फिरवायचा, मनगटावरच्या घड्याळात बघायचं आणि पुढच्या गल्लीला लागायचं. चौतीस वर्षं दुसरं काही केलं नाही आणि करावंसं वाटलंही नाही.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात त्या चावीला काम उरलं नाही. धरण कोरडं पडलं, नळ बंद झाले. शेषेरावांना टँकर भरायच्या जागी रांगा सांभाळायला बसवलं आणि चावी घरात कोपऱ्याला टेकून उभी राहिली. रेल्वेनं पाणी येणार असं पेपरात छापून येत होतं. लोक आधी हसले आणि मग खरंच रेल्वे आली तेव्हा बघायलाही गेले. शेषेराव गेले नाहीत. त्यांचं सगळं ध्यान घरी, अक्काकडं होतं.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण चतुराबाई, तेरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा शेषेरावांना न्हाऊ-माखू घालण्यापासून शाळेत घालण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. बहात्तरच्या दुष्काळात गावात ज्वारीचा दाणा नव्हता, तर हिनं भावाला नांदेडच्या वसतिगृहात नेऊन टाकलं, कारण तिथं दोन वेळचं जेवण होतं, आणि स्वतः सरकारी कामावर खडी फोडायला गेली. त्याच उन्हाळ्यात तिची साखरा गेली. दहा महिन्यांची पोर. वसतिगृहावर पोस्टकार्ड आलं, साखरा तापानं गेली, तू अभ्यास कर. पुढं दोन वर्षांत नवराही गेला. दुसरं लेकरू तिला झालं नाही. शेषेरावांना नोकरी लागली तशी ती त्यांच्याबरोबर लातुरात आली, त्यांचं लग्न तिनं लावलं, त्यांची दोन्ही लेकरं तिच्याच खांद्यावर मोठी झाली. लेकरू कितीही रडो, ती त्याला तासन्‌तास खांद्यावर घेऊन अंगणात फिरायची. एकदा सरजाबाईंनी, म्हणजे शेषेरावांच्या बायकोनं, शेजारणीच्या सांगण्यावरून लेकराला झोपेची कसली तरी मुळी उगाळून द्यायला घेतली, तर अक्कानं हातातली वाटी हिसकून अंगणात फेकून दिली. नणंदेचा स्वभावच तापट, असं म्हणून सरजाबाईंनी ते सोडून दिलं.

अशा बाईच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले, दीड वर्ष बरं गेलं आणि मग दुखणं मणक्यात उतरलं. आता बरं होणार नाही, फक्त दुखू नये एवढंच बघायचं, असं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शेषेरावांना बाहेर बोलावून सांगितलं. दोन महिने झाले, अक्का पाठ टेकून झोपली नव्हती. ज्वारीच्या पोत्याला टेकून, मांडी घालून, बसल्या बसल्याच डोळा लागला तर लागला. कण्हायची नाही. ओठ मिटून बसायची, आणि घाम कपाळावरून गळ्याकडं उतरत राहायचा. टँकरवरून घरी यायचं आणि ते बघायचं, याचा शेषेरावांनी धसका घेतला होता. अक्का मरणार हे त्यांनी स्वीकारलं होतं. पण मरायच्या आधी तिला एकदा तरी सरळ आडवी झोपलेली बघावी, याहून जास्त त्यांना काही नको होतं.

म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. दवाखान्यातल्या जगदेवी सिस्टर जळकोटच्या, नांदेडला शिकलेल्या, बोलायला सडेतोड. त्यांनी कागदावर वेळा लिहून दिल्या. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहाला निजताना दोन गोळ्या. दुखेपर्यंत थांबायचं नाही, घड्याळ बघून द्यायची. घड्याळ बघून सोडायचं काम शेषेरावांना कुणी शिकवायला नको होतं. एक गोष्ट मात्र त्यांनी घरी सांगितली नाही. ही दवा अफूपासून करतात, हे सिस्टरनी त्यांना सांगितलं होतं. अक्काला कळलं तर उगाच मनाला लावून घेईल, म्हणून ते गप्प राहिले.

नऊ दिवस गोळी चालली. ते घरी असले की ते द्यायचे, नसले की सरजाबाई. तळहातावर गोळी, वर दोन घोट पाणी. त्या दिवसांत पाण्याचा घोटसुद्धा मापून प्यायचा, तरी अक्का निमूट प्यायची. आणि दुखणं तसूभर हललं नाही. ओठ तसेच मिटलेले आणि घाम तसाच.

दहाव्या दिवशी शेषेराव दवाखान्यात जाऊन उभे राहिले.

"काहीच फरक न्हाई साहेब," ते म्हणाले. "येक बी वेळ चुकवली न्हाई."

डॉक्टर तरुण होते, मनाचे चांगले. त्यांनी वही ओढली. "दुप्पट करू. दोन दिवसांत नाही उतरलं तर तिप्पट. या औषधाला वरची हद्द नसते, हळूहळू वाढवता येतं."

जगदेवी सिस्टर टेबलाच्या पलीकडं पट्ट्या गुंडाळत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "शौचाला कसं होतंय मावशीला?"

"ते येकदम नीट हाय," शेषेराव जरा अभिमानानंच म्हणाले. "रोज सकाळी. तुमची जुलाबाची दवा बी द्यावी लागली न्हाई."

सिस्टरच्या हातातली पट्टी थांबली. "सर, आज वाढवू नका," त्या म्हणाल्या. "मी उद्या दुपारी घरी जाऊन बघून येते."

शेषेरावांना मनातून राग आला. बहीण तळमळतेय आणि ह्या बाईला शौचाच्या चौकशा. पण डॉक्टरांनी मान डोलावली, तेव्हा ते निघून आले.

दुसऱ्या दिवशी सिस्टर खरंच आल्या, भर उन्हात, स्कूटीवर, तोंडाला ओढणी गुंडाळून. सरजाबाईंनी पाणी पुढं केलं तर नको म्हणाल्या, स्वतःची बाटली दाखवली. त्या उन्हाळ्यात पाहुण्यानं पाणी सोबत आणणं हाच मोठा शिष्टाचार होता. मग त्या अक्काजवळ बसल्या, हात हातात घेतला, इकडचं तिकडचं विचारलं आणि बोलता बोलता पिशवीतून बॅटरी काढून अक्काच्या डोळ्यांवर मारली. एकदा डाव्या, एकदा उजव्या. मग पुन्हा एकदा दोन्हींवर.

"काय झालं?" शेषेरावांनी विचारलं.

"नऊ दिवस ही गोळी घेणाऱ्या माणसाचं पोट धरतंच," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून तर मी सोबत जुलाबाची दवा देते. ती बी न घेता मावशीचं रोज नीट होतंय म्हणता. आन् ह्या गोळीनं डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी बारीक होत जाती. अंधारात सुद्धा तशीच राहती. मावशीची तर चांगली मोठी हाय." त्यांनी बॅटरी विझवली. आवाज चढवला नाही. "मावशी, गोळ्या कुठं हायत?"

अक्का त्यांच्याकडं बघत राहिली. शेषेरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. "सिस्टर, म्या सोता हातावर ठेवल्यात गोळ्या! डोळ्यांदेखत..." असं म्हणता म्हणता त्यांची नजर अक्काच्या कमरेला गेली आणि वाक्य तिथंच राहिलं.

अक्काच्या कमरेला चंची होती. पान, सुपारी, चुना, तंबाखू यांचे कप्पे असलेली कापडी पिशवी, चाळीस वर्षं तिथंच खोचलेली. दुखणं वाढल्यापासून अक्कानं पान सोडलं होतं, तोंडाला चव नाही म्हणायची. पान सोडून तीन महिने झाले आणि चंची फुगलेलीच होती. घरातल्या दोघांनाही ती रोज दिसत होती, म्हणूनच दिसली नव्हती.

अक्कानं हळूच चंची सोडली आणि गाठ उकलून चटईवर उपडी केली. गोळ्या पडल्या. भिजून वाळलेल्या, कडा झिजलेल्या, काही अर्ध्या विरघळून चपट्या झालेल्या, चुन्याचे पांढरे डाग लागलेल्या. तंबाखूची चिमूट गालात धरून दिवसभर खडी फोडलेली बाई ती. गोळी गालात सारायची, वरून पाणी प्यायचं, माणूस पाठमोरा झाला की काढून कप्प्यात टाकायची. कुणाला कळणार?

"फेकल्या न्हाईत," ती म्हणाली. "सरकारी दवा हाय. कुणाला तरी लागंल."

नऊ दिवस आपण पाठमोरे झाल्याची ती वाट बघत होती, हे शेषेरावांना सगळ्यात जास्त लागलं. "अक्का, कामून गं?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"अफू हाय ती," अक्का म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"जिभेनं. पैल्याच दिशी. कडूपणा इसरतो व्हय माणूस?" तिनं पोत्यावरची पाठ जरा सरळ केली आणि तेवढ्यानं तिचा चेहरा आवळला. "आन् तुला ठाऊक व्हतं. तू सांगितलं न्हाईस. म्या बी न्हाई सांगितलं."

सरजाबाई दारात उभ्या होत्या. बाहेर टँकर आल्याची हाळी झाली, घागरींचा खडखडाट गल्लीतून पळत गेला. एरवी सरजाबाई सगळ्यात पुढं असत. आज त्या हलल्या नाहीत.

जगदेवी सिस्टरनी गोळ्या गोळा करून एका कागदात बांधल्या आणि पुडी पिशवीत टाकली. मग त्या मांडी घालून बसल्या. "मावशी, भीती कशाची वाटती ते मागून सांगा," त्या म्हणाल्या. "आदी ही दवा अंगात काय करती ते मी सांगते. ऐकून मग नको म्हणा. जबरदस्ती करणार न्हाई."

अक्कानं रिकामी चंची पुन्हा कमरेला खोचली आणि भिंतीकडं तोंड केलं.

"आपलं अंग बारीक बारीक पेशींचं केलेलं हाय. मणक्यात दुखलं की त्याची खबर एक पेशी दुसरीला देती, दुसरी तिसरीला, असं करत ती डोक्यापर्यंत चढती. डोक्यात पोचली की आपण म्हणतो, दुखतंय. आता ही गोळी पोटात गेली, रगतात मिसळली, आन् त्या पेशीपाशी आली. पण आत जात न्हाई. पेशीच्या भिंतीत एक वस्तू बसवलेली असती, अर्धी बाहेर, अर्धी आत. रिसेप्टर म्हणतात तिला. ही दवा तिच्या बाहेरच्या अंगाला येऊन बसती, एवढंच करती."

"आत न जाता काम कसं करती?" शेषेरावांनी विचारलं. राग होता, पण प्रश्न त्यांच्या धंद्यातला होता.

"बाहेर बसली की आतला भाग हलतो. आतल्या बाजूला एक प्रोटीन टेकून बसलेलं असतं, ते सुटं होतं, त्याचे दोन तुकडे कामाला लागतात. खबर पुढं ढकलायला कॅल्शियम आत यावं लागतं, त्याची वाट बंद. पोटॅशियम बाहेर जायची वाट उघडी, म्हंजी ती पेशी थंड पडती, हाक मारली तरी लवकर उठत न्हाई. आन् आत निरोप तयार करायचं यंत्र चालू असतं, त्याचा वेग कमी. बाहेर बोट टेकलं, आन् आत तीन ठिकाणी फरक पडला."

शेषेराव कोपऱ्यातल्या चावीकडं बघत होते. "म्हंजी माणूस रस्त्यावरच उभा," ते हळूहळू म्हणाले. "चावी वर फिरती, दांडा खाली फिरतो, आन् पाण्यातला पडदा खाली बसतो. माणसाला पाण्यात उतरावं लागत न्हाई."

"हाव. तेच."

"आन् धरणातलं पाणी?"

"धरणातलं धरणातच. मावशीची बिमारी हाय तिथंच राहणार, मी खोटं बोलत न्हाई. फकस्त तिची खबर घरापर्यंत येणार न्हाई." सिस्टर क्षणभर थांबल्या. "आन् म्हणूनच काल मी डॉक्टरांना थांबवलं. रोज दवा मिळाली की ह्या रिसेप्टरला सवय लागती. काही पेशीच्या आत ओढले जातात, आतलं यंत्र पुन्हा वेग धरतं, मग तेवढ्याच गोळीनं भागत न्हाई, वाढवावी लागती. ते वाढवणं दवेला सरावलेल्या माणसाला चालतं. मावशीच्या अंगात तर दवा नावालाच गेली. नव्या व्हॉल्व्हला जाम झालेल्या व्हॉल्व्हची ताकद लावली तर काय होतं?"

"मोडतो," शेषेराव म्हणाले.

"माणसाचा श्वास मंदावतो. श्वास चालवणाऱ्या पेशींवर बी तेच रिसेप्टर हायत."

अक्का आत्तापर्यंत भिंतीकडं बघत होती. तिनं मान वळवली. "लेकराच्या अंगात बी?"

"काय?"

"लेकराच्या अंगात बी असत्यात का ते? दहा म्हयन्याच्या?"

सिस्टरनी तिच्याकडं नीट बघितलं. "असतात, मावशी. जन्मतानाच असतात."

मग अक्कानं सांगितलं. आवाज खालीवर झाला नाही. पोस्टकार्डावरचा मजकूर वाचून दाखवावा तसं तिनं सांगितलं, फक्त हे पोस्टकार्ड चव्वेचाळीस वर्षं कुणाला पाठवलेलं नव्हतं.

"खडीच्या कामावर समद्या बाया देत व्हत्या. तिळाएवढी. गुळाच्या पाण्यात घोळून. लेकरं लिंबाखाली वळीनं निजायची, आन् आमी हातोडा घ्यायचो. म्या आदी जिभंला लावून बगायची, लई कडू तर न्हाई. त्या दिशी मोजमाप व्हतं. ढीग पुरा झाला न्हाई तर समदा दिस फुकट. साखरा मधीच उटली, रडाय लागली. मुकादम म्हनला, घे न्हाईतर घरी जा. म्या गेले, अजून येक दिली, आन् परत येऊन बसले. रडायचं थांबलं. म्या खडी फोडून राहिले. ढीग पुरा झाला." ती थांबली. "सांजच्याला उचलाय गेले."

शेषेरावांना वसतिगृहाची ओसरी आठवली, हातातलं कार्ड आठवलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात गणिताचा पेपर होता हेही. अंगणात फेकलेली ती वाटी आठवली. इतकी वर्षं एका घरात राहून आपल्याला काहीच माहीत नव्हतं, याची त्यांना लाज वाटली, आणि अक्काच्या पोटात एवढं मावलं कसं या विचारानं भडभडून आलं. सरजाबाई दारातून आत येऊन अक्काच्या पायाशी बसल्या.

"म्हणून मला नको," अक्का म्हणाली. "जी तिला दिली, तिनं मला आराम पडावा व्हय? दुखू दे मला."

जगदेवी सिस्टरना अशा वेळी काय बोलायचं हे नोकरीनं शिकवलं असावं, किंवा नसावंही. त्यांनी तुमची काही चूक नव्हती असं म्हटलं नाही. शेषेराव तेच म्हणणार होते आणि अक्कानं ते झिडकारलं असतं.

"विचारू का एक?" अक्काच म्हणाली. "तुमी शिकलेल्या हाव. खरं सांगा. तिला तरास झाला का? जीव जाताना... गुदमरली का?"

"खरं सांगते," सिस्टर म्हणाल्या. "श्वास त्याच दवेनं थांबला असणार. पण दम कोंडला की जी घाबरल्याची हाक डोक्यात उठती, ती बी त्याच रिसेप्टरनं दबती. आदी झोप आली असणार, मग श्वास हळू हळू होत गेला असणार. तिला गुदमरल्याचं कळलं नसेल. मी तिथं नव्हते, पण दवा जे करती ते हे असं करती."

मग अक्कानं सगळ्यात अवघड प्रश्न विचारला, अगदी साध्या आवाजात. "मानसाच्या अंगात अफूसाठी जागा कामून केली असंल, बाई?"

"अफूसाठी न्हाई केली. जागा आपलीच हाय. आपलं अंग सोता तसली दवा तयार करतं. मार लागल्यावर, बाळंतपणात. रडणाऱ्या लेकराला आईनं उचलून छातीशी धरलं की ते शांत होतं, त्यात बी तिचा हात असतो म्हणतात. अफूचा दाणा त्या जागी नेमका बसतो, एवढंच. मालकाच्या कुलपाला परक्याची चावी लागावी तसं."

त्यानंतर अक्का किती वेळ बसून राहिली ते शेषेरावांनी घड्याळात बघितलं नाही. टँकर निघून गेला. गल्लीत पाणी सांडल्यावरून कुणाचं तरी भांडण लागलं आणि मिटलं. शेवटी अक्कानं तळहात पुढं केला.

"द्या," ती म्हणाली. "बगू दे मला, तिला काय वाटलं ते."

सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावून विचारलं, मग पिशवीतून नवी गोळी काढून तिचे दोन तुकडे केले. आज अर्धीच. चार तासांनी पुन्हा अर्धी. आता पहिल्यापासून सुरुवात. अर्धी गोळी त्यांनी अक्काच्या हातावर ठेवली. सरजाबाईंनी पेला भरून पाणी आणलं, काठोकाठ. अक्कानं गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि मग कुणी न सांगता तोंड उघडून दाखवलं, आधी एक गाल, मग दुसरा. सिस्टर हसल्या. अक्काही किंचित हसली. कितीतरी दिवसांत शेषेरावांनी ते बघितलं नव्हतं.

तासभर सिस्टर थांबल्या. त्यांनी शेषेरावांना एक काम शिकवलं. माणूस झोपलं की छातीवर नजर ठेवायची, घड्याळात मिनिटभर बघायचं आणि श्वास मोजायचे. अर्ध्या अर्ध्या तासानं. बारा, चौदा, सोळा, काही काळजी नाही. दहाच्या खाली गेले किंवा हाक मारून उठेना, तर मला फोन. एवढ्याशा गोळीनं तसं होणार नाही, पण तरी मोजायचं. मग त्यांनी ओढणी तोंडाला गुंडाळली आणि स्कूटी काढली.

ऊन कलायला लागलं होतं. अक्काच्या कपाळावरचा घाम वाळला. आधी तिचे खांदे सैल झाले, मग मुठी उघडल्या. या मुठी मिटलेल्या होत्या हे शेषेरावांना त्या उघडल्यावरच कळलं. तिनं पोत्याचा आधार सोडून जरा पुढं वाकून बघितलं, एखाद्यानं पाण्यात पाय घालून बघावा तसं. मग मागं झाली. मग कुशीवर.

"टेकू का?" तिनं विचारलं.

"टेक की," शेषेराव म्हणाले. सरजाबाईंनी तिच्या मानेखाली उशी सारली. अक्कानं पाठ टेकली. दोन महिन्यांनी. जमिनीला पाठ लागल्यावर तिचे डोळे मोठे झाले, आता कळ येईल म्हणून तिनं वाट बघितली, आणि कळ आली नाही. आली असेल, पण लांबून, दुसऱ्याच्या घरात बोलल्यासारखी.

"दुखतंय का?"

"हाय तिथं. पर माझ्याशी बोलंना." ती छताकडं बघत होती. "ऊब वाटून राहिली रं शेषा. हितं, छातीपाशी. कुणीतरी उचलून घेतल्यावानी."

शेषेरावांनी नुसता हुंकार भरला.

"साखराला वाटलं असंल," अक्का म्हणाली, "म्या घेतलंय तिला."

तिच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं आणि कानाकडं गेलं. तिनं ते पुसलं नाही. चव्वेचाळीस वर्षांनी तिला एवढं मिळालं होतं, आणि ते खरं की खोटं हे विचारायची शेषेरावांची प्राज्ञा नव्हती. त्यांनी मनगट वळवलं आणि घड्याळाकडं बघून मोजायला सुरुवात केली.

अक्कानं जड डोळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं. "काय करून राहिलास?"

"तुझा श्वास मोजतोय. सिस्टरनी सांगितलंय."

"मोज," ती म्हणाली. "तिचा कुणी मोजला न्हाई."

आणि ती झोपली. शेषेराव नऊपर्यंत आले होते, पण पुढं काटा दिसेना. त्यांनी बाहीनं डोळे पुसले, घड्याळ उजेडाकडं धरलं आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.